जुनी व्हॅन, नवा सेन्सर आणि गंजलेला बोल्ट

तुमच्या गावात एखादी तरी जुनी गाडी अजून रोज कामावर जात असेल. डेअरीचे दूध नेणारी मारुती व्हॅन असेल, रात्री-अपरात्री पेशंट घेऊन तालुक्याला धावणारी पद्मिनी असेल, नाहीतर मास्तरांनी हौसेने घेतलेली आणि आता मुलगा बाजाराला भाजी न्यायला वापरतो ती मारुती ८०० असेल. या गाड्या बनवणे कारखान्यांनी कधीच थांबवले. मारुती ८०० बंद झाली २०१४ साली, ओम्नी व्हॅन २०१९ साली. पण कारखान्याने गाडी बंद केली म्हणून खेड्यात ती बंद होत नाही. पासिंगची मुदत वाढवून घ्यायची, फिटरच्या मिनतवाऱ्या करायच्या आणि गाडी पळवायची, हे चालूच राहते.

अशाच एका दुधाच्या व्हॅनची ही हकिगत आहे. कार्ब्युरेटरचे इंजिन, वय पंचवीसच्या पुढे. मालकांना सारा गाव तात्या म्हणतो. पहाटे साडेचारला निघायचे, पाच वाड्यांचे दूध गोळा करायचे, मधला घाट चढायचा आणि उन्हे वर यायच्या आत शीतकरण केंद्रावर कॅन उतरवायचे, हा त्यांचा रोजचा नेम. उशीर झाला की दूध नासते, आणि नासलेल्या दुधाचे पैसे पाच वाड्यांतल्या बायामाणसांच्या पगारपत्रकातून जातात. म्हणजे व्हॅन ही एकट्या तात्यांची नाही. तिच्यावर चाळीसेक घरांचा मीठ-मिरचीचा खर्च चालतो.

या व्हॅनने मध्यंतरी त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सुरू व्हायला कुरकुर, घाटात ओढ नाही, ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग, आणि माथ्यावर पोचेपर्यंत इंजिन गरम. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर दोनदा धुतला. उपयोग शून्य. शेवटी गावातला फिटर म्हणाला, "तात्या, गाडी तीच आहे. पेट्रोल बदललंय."

आपल्याच उसाचे पेट्रोल

फिटरचे म्हणणे खोटे नव्हते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग आपल्या देशात २००१ साली सुरू झाला, आणि ज्या मोजक्या ठिकाणी तो सुरू झाला त्यांत आपल्या महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही दोन होती. पुढे प्रमाण वाढत गेले. २०२२ साली दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असतो. त्यातले बरेचसे उसाच्या रसापासून आणि मळीपासून बनते. कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी तोच, आणि पंपावर रांग लावणाराही तोच. तेव्हा या धोरणाला नुसती नावे ठेवून भागत नाही. त्यातून आपल्या शिवाराला पैसा येतो, हेही खरे आहे.

पण जुन्या इंजिनाचे गणित मात्र त्याने बदलते. एक किलो निव्वळ पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या अंगातच प्राणवायू असतो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला म्हणून साधारण साडेतेरा किलो हवा लागते. उलट्या बाजूने पाहा : इंजिन हवा तेवढीच ओढते, तर त्या हवेला आता पूर्वीपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवे. नव्या गाडीत सायलेन्सरच्या नळीत सेन्सर असतो, डोक्यात कॉम्प्युटर असतो. तो आपोआप इंधन वाढवतो. कार्ब्युरेटर म्हणजे पितळेच्या जेटला पाडलेले एक भोक. त्याला काय ठाऊक पंपावर काय बदलले? ते पूर्वीएवढेच इंधन सोडते आणि मिश्रण पातळ पडते. पातळ मिश्रणावर इंजिन ओढत नाही, घाटात तापते, आणि फार दिवस तसेच हाकले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातही, मुळात निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणावर लावलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला आहे. तात्यांच्या व्हॅनचे वय त्याहून जास्त आणि जेट त्याहून जुना.

भाच्याने आणलेला सेन्सर

तात्यांचा भाचा पुण्यात नोकरीला. गाड्यांचा शौकीन. तो म्हणाला, "मामा, अंदाजाने जेट बदलू नका. सेन्सर लावू, तो आकडाच सांगेल." दिवाळीला येताना तो वाइडबँड नावाचा ऑक्सिजन सेन्सर घेऊन आला. बरोबर त्याचा कंट्रोलरचा डबा आणि डॅशबोर्डवर लावायचा आकड्यांचा मीटर.

हा सेन्सर म्हणजे स्पार्क प्लगसारखी दिसणारी वस्तू. सायलेन्सरच्या नळीला नट वेल्ड करून तो त्यात पिळायचा. धुरात किती प्राणवायू उरला आहे यावरून तो सांगतो, की इंजिनला मिळालेले मिश्रण दाट होते की पातळ. मात्र काम करण्यासाठी त्याच्या आतले सिरॅमिक लालबुंद तापावे लागते, सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत. त्यासाठी त्याच्या पोटात हीटर असतो, आणि हा हीटर बॅटरीवर चालतो. थंड असताना तो दोन-तीन ॲम्पिअरपर्यंत वीज खेचतो, तापल्यावर एकाच्या आसपास. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

भाच्याला परत जायची घाई होती. डब्याची प्लसची वायर वायपरच्या वायरला गुंडाळली, वरून टेप मारली. डब्याचा अर्थ इंजिनच्या एका बोल्टला दिला. मीटर डॅशबोर्डवर होता, त्याची काळी वायर पुढच्या पत्र्यावर दिव्यांच्या अर्थिंगचा बोल्ट होता तिथे कसली. "बॉडी सगळी एकच असती की," तात्या म्हणाले. भाचाही हो म्हणाला. मीटर पेटला, आकडे नाचू लागले, घरातली पोरे टोर्राटोर्र ओरडली. भाचा पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांनी घाटात मीटर पाहिला. आकडा १२.४. भाच्याने सांगून ठेवले होते, चढाला तेराच्या जवळपास असावा. त्याखाली गेला तर पेट्रोल वाया जाते. तात्यांना वाटले, फिटरने उगीच भीती घातली, गाडीला तर पेट्रोल जास्तच जातेय. त्यांनी जेट एक नंबर लहान बसवून घेतला. पहाटे पुन्हा पाहिले तर १३ दाखवतोय. समाधान झाले. ॲव्हरेजही किंचित वाढले.

तीन आठवड्यांनी घाटात इंजिनने फटफट सुरू केली. एक सिलिंडर मेला होता. दूध उन्हात दोन तास उभे राहिले. हेड खोलले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खाल्लेली. आणि हे पातळ मिश्रणाचे लक्षण!

दिवे लावा

व्हॉल्व्ह बदलून गाडी उभी राहिली, पण तात्यांचा सेन्सरवरचा विश्वास उडाला. "असल्या वस्तू शहरातल्या. आपल्याला नकोत," म्हणून ते तो काढायला निघाले होते. तालुक्याला गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांनी हातात पाना घ्यायच्या आधी मल्टिमीटर घेतला.

"तात्या, गाडी चालू ठेवा. काय आकडा हाय?"

"साडेतेरा."

"आता दिवे लावा."

तात्यांनी हेडलाइटचा खटका ओढला. आकडा झटक्यात खाली आला. बारा पॉइंट तीन.

"विझवा." पुन्हा साडेतेरा.

मिस्त्री हसले. "इंजिनाला काय ठावं, दिवा लागला का इझला? धूर तोच, आकडा दुसरा. तुमचा सेन्सर खरं बोलतोय. मधला माणूस खोटं सांगतोय."

मधला माणूस म्हणजे तो पुढच्या पत्र्यावरचा बोल्ट. त्याच्याखाली गंज चढला होता. दोन हेडलाइट मिळून दहा ॲम्पिअरच्या आसपास करंट त्या बोल्टातून बॉडीत उतरत होता. गंजामुळे तिथे ओहमच्या शंभर भागांपैकी फक्त सहा भाग, म्हणजे ०.०६ ओहम अडथळा होता. दहाला ०.०६ ने गुणा : ०.६ व्होल्ट. म्हणजे दिवे लागले की त्या बोल्टावरचा 'शून्य' खरा शून्य राहत नव्हता, तो सहा दशांश व्होल्ट वर उचलला जात होता. मीटरची काळी वायर त्याच बोल्टाला. डब्याकडून येणारा इशारा असतो शून्य ते पाच व्होल्टचा, आणि या मीटरमध्ये एक व्होल्ट म्हणजे दोन अंकांचा फरक. ०.६ व्होल्ट कमी दिसले म्हणजे १.२ अंक कमी दिसले.

आता तात्यांच्या पहाटेचा हिशेब करा. ते निघायचे अंधारात, म्हणजे दिवे कायम लागलेले. मीटरवर १२.४ दिसत होते तेव्हा खरा आकडा होता १३.६. मिश्रण आधीच पातळ होते. फिटरचे म्हणणे बरोबर होते. जेट लहान केल्यावर मीटर १३ वर आला तेव्हा खरा आकडा १४.२ झाला. भरलेल्या कॅनसह घाट चढणाऱ्या इंजिनला हे म्हणजे उपाशीपोटी नांगराला जुंपण्यासारखे. व्हॉल्व्ह जळणारच.

मिस्त्रींनी बोल्ट हाताने चाचपून पाहायला सांगितला. दिवे चालू असताना तो कोमट लागत होता. गंजलेला जोड तापतो. ही खूण तुम्हीही लक्षात ठेवा.

वीज कुठून घ्यावी

सांगायचा मुद्दा हा, की जुन्या गाडीला कोणताही जादा सेन्सर लावा, ऑक्सिजनचा लावा, ऑइल प्रेशरचा लावा, पाण्याच्या तापमानाचा लावा. आकडा खरा मिळणे हे सेन्सरच्या किमतीवर ठरत नाही. त्याला मिळणाऱ्या प्लसवर आणि अर्थवर ठरते. मिस्त्रींनी त्या दिवशी जे केले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट प्लसची. वायपर, हॉर्न, दिवे यांच्या वायरला जोड देऊ नका. त्या वायरी वीस-पंचवीस वर्षांच्या, वाटेत चार जोड, दोन खटके. तात्यांच्या गाडीत बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि डब्याशी पोचेपर्यंत १२.६. वायपर चालू केला की आणखी खाली. इग्निशन कॉइलच्या प्लसवरूनही घेऊ नका. तिथे ठिणगीचा सारखा गोंगाट असतो, आणि काही गाड्यांत कॉइलच्या वाटेत रेझिस्टर बसवलेला असल्याने व्होल्टेज मुळातच कमी मिळते.

सरळ बॅटरीच्या प्लसवरून नवी वायर ओढा. पण थेट जोडून मोकळे होऊ नका, मध्ये रिले घाला. थेट जोडला तर गाडी बंद असतानाही हीटर तापत राहील. एक ॲम्पिअर धरले तरी बारा तासांत बारा ॲम्पिअर-अवर गेले. अशा गाडीची बॅटरी पस्तीसेक ॲम्पिअर-अवरची. दुसऱ्या पहाटे तात्या कॅन घेऊन धक्का मारणारी पोरे शोधत बसणार.

रिले म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू करणारा खटका. हॉर्नला, हेडलाइटला लावतात तोच. त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून ३० वर आणा. ८७ वरून डब्याला द्या. चावी फिरवल्यावर जिवंत होणारी एखादी बारीक वायर ८६ वर, आणि ८५ अर्थला. रिलेच्या कॉइलला पाव ॲम्पिअरही लागत नाही, त्यामुळे जुन्या इग्निशन स्विचवर भार पडत नाही. शक्यतो आत डायोड बसवलेला रिले मागा, म्हणजे तो बंद होताना झटका मारत नाही. मात्र डायोडच्या रिलेत ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

फ्यूज पाच ॲम्पिअरचा पुरतो, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ असावा, वीतभर अंतरात. फ्यूज वायरचे रक्षण करतो, सेन्सरचे नाही. डॅशबोर्डजवळ फ्यूज लावला आणि वाटेत कुठे वायर पत्र्याला घासून सोलली, तर आधीची सगळी वायर आगीच्या स्वाधीन. व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथे पेट्रोलची नळी आहे आणि वर माणूस बसलेला आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल मानवत नाही, त्या चिरतात. तेव्हा वायरिंग करतानाच नळ्याही बदलून घ्या.

वायर जाडीला एक चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नको. चार मीटर लांबीच्या अशा तांब्याच्या वायरीत दोन ॲम्पिअरला दीड दशांश व्होल्टही पडत नाही. स्पीकरला वापरतात तसली पाव मिलिमीटरची वायर घातलीत तर अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो. जोड पिळून टेप मारू नका. लग दाबून घ्या किंवा डाग द्या, वर आकसणारी नळी चढवा.

अर्थ एकच, आणि तोही इंजिनवर

दुसरी गोष्ट अर्थची, आणि हीच जास्त महत्त्वाची. "बॉडी सगळी एकच" हे वाक्य नव्या गाडीत निम्मे खरे असते, जुन्या गाडीत अजिबात नसते. पत्र्याचे जोड, रंगाचे थर, गंज, डेंटिंगच्या वेळी भरलेली लांबी, या सगळ्यांतून करंटला वाट काढावी लागते.

म्हणून कंट्रोलरचा अर्थ, मीटरचा अर्थ आणि आकडे नोंदवणारे यंत्र असेल तर त्याचाही अर्थ, या तिन्ही वायरी एकाच बोल्टवर आणा. तो बोल्ट इंजिनच्या ब्लॉकवर किंवा हेडवर असावा, बॅटरीची जाड अर्थ केबल जिथे येते त्याच्या जवळ. बोल्टाखालची जागा पॉलिशपेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, कसल्यावर वरून थोडे ग्रीस लावा. तीन वायरी एका जागी आल्या म्हणजे तो बिंदू वर-खाली झाला तरी तिघांचा मिळून होतो; आपसात फरक पडत नाही आणि आकडा चुकत नाही.

एक वायर असलेले ऑइल प्रेशरचे किंवा पाण्याच्या तापमानाचे सेन्सर तर आपल्या आट्यांतूनच अर्थ घेतात. गळती नको म्हणून त्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय आहे. टेप जास्त झाली की अर्थ तुटतो आणि काटा भलतेच दाखवतो. शिवाय कंपनीच्या सेन्सरवर दुसरा जादा मीटर जोडू नका. दोघे मिळून एकाच सेन्सरला विचारू लागले की दोघांनाही चुकीचे उत्तर मिळते. नव्या मीटरला नवा सेन्सर द्या.

तीन वायरींचे प्रेशर सेन्सर पाच व्होल्टवर चालतात. त्यांना बॅटरीचा प्लस लावला तर तिथल्या तिथे जळतील. पाच व्होल्ट कंट्रोलरच्या किंवा नोंद यंत्राच्या डब्यातूनच घ्या, मोबाइलच्या चार्जरमधून काढू नका. या सेन्सरचा आकडा त्याच्या पाच व्होल्टच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो पुरवठा स्थिर हवा.

तपासणी पाच मिनिटांची

हे सगळे झाले की मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवे, वायपर, असेल ते सगळे चालू. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे डब्याच्या अर्थ वायरीला. एक दशांश व्होल्टच्या आत आले पाहिजे. मग एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरे डब्याच्या प्लसला. तिथे तीन-चार दशांशाच्या आत. बॅटरीवर चालू इंजिनात १३.८ ते १४.४ असावेत, कमी असतील तर आधी अल्टरनेटर पाहा. डायनॅमोच्या फार जुन्या गाड्या स्लोवर चार्ज करत नाहीत, त्यांचे माप थोडे रेस देऊन घ्या. फार जुन्या काही विलायती घडणीच्या गाड्यांत तर बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. असल्या गाडीला हात लावण्यापूर्वी केबल कुठली कुठे जाते ते पाहा.

शेवटी मिस्त्रींची परीक्षा घ्या : मीटरकडे बघत हेडलाइट, हॉर्न, वायपर एकेक चालू-बंद करा. खटक्याबरोबर आकड्याने उडी मारली तर अर्थ चुकला आहे. जेटला हात लावू नका.

आणि काही गोष्टी करूच नका. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "डायनॅमो चालतोय का" बघायची आपल्याकडे जुनी खोड आहे. बॅटरी निघाली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणात कित्येक पटीने उसळते आणि डब्यातले सर्किट जाते. ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून गाडी सुरू करू नका. गाडीवर वेल्डिंग करायचे तर आधी सेन्सर आणि डबा सोडवून ठेवा. सायलेन्सरच्या जोडाला किंवा इंजिनच्या पॅकिंगला साधे सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. देशात शिशाचे पेट्रोल २००० सालीच बंद झाले, तो धोका आता उरला नाही; पण ऑइल पिणाऱ्या इंजिनात सेन्सर फार टिकत नाही.

सेन्सर नळीच्या वरच्या बाजूला, आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर तोंड करून बसवा, म्हणजे साठलेले पाणी त्यावर पडणार नाही. त्याच्या अलीकडे नळीला भोक किंवा सैल जोड नको. बाहेरची हवा आत शिरली की मीटर पातळ दाखवतो. इंजिन चालू आणि सेन्सरला वीज नाही, असे कधीही ठेवू नका. काजळीने तो खराब होतो. सेटिंग झाले की सेन्सर काढून भोकाला बूच मारा. काही सेन्सरच्या प्लगमध्येच त्याचे माप जुळवणारा छोटा रेझिस्टर असतो, तेव्हा वायर पुरत नाही म्हणून प्लग तोडू नका.

आता व्हॅन कशी आहे

अर्थ सरळ झाल्यावर पहाटे घाटात तात्यांच्या मीटरने खरे सांगितले : १४.२. मूळ जेट परत घातला तेव्हा १३.६. मग त्याहून मोठा, आणि चढाला आकडा तेराच्या आत आला. जेटच्या बाबतीत एक हिशेब सांगून ठेवतो. काही कार्ब्युरेटरच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात. भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून सात टक्के जास्त इंधनाला व्यास साडेतीन टक्केच वाढवावा लागतो. ११५ च्या जागी १२० च्या आसपास. पोच्याने भोक घासून मोठे करू नका, एकेक नंबर चढत जा आणि दर खेपेला मीटर पाहा.

आणखी एक. मीटर पेट्रोलच्या मापाने आकडा दाखवतो, पण सेन्सरला खरे कळते ते हवा पुरेशी आहे की नाही एवढेच. त्याला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे हवा नेमकी. १ च्या खाली मिश्रण दाट, वर पातळ. मीटरवर तसा पर्याय असेल तर लॅम्डावरच ठेवा. उद्या इथेनॉलचे प्रमाण बदलले तरी लॅम्डाचे माप बदलत नाही. सपाट रस्त्याला १ च्या जवळ, भरल्या चढाला ०.८५ ते ०.९०, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. सेटिंग झाल्यावर पीयूसी मात्र करून घ्या.

जेट मोठा झाल्यावर व्हॅन पेट्रोल थोडे जास्त पिते, हे तात्या कबूल करतात. पण घाट ती न थांबता चढते, आणि माथ्यावर पाणी ओतत बसावे लागत नाही. कॅन वेळेत उतरतात. पुढच्या पत्र्यावरचा तो बोल्ट मिस्त्रींनी काढून नवा घातला. जुना तात्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे. कोणी नव्या वस्तूंना नावे ठेवू लागला की ते तो बोल्ट काढून हातावर ठेवतात आणि म्हणतात, "सेन्सरनं नाही बुडवलं रे मला. ह्यानं बुडवलं."

तुमच्या गाडीत असा एखादा बोल्ट आहे का, हे आज संध्याकाळी दिवे लावून पाहा.